कमरेत वाकणाऱ्या ट्रॅक्टरची निवड

गवत ही परवानगीशिवाय वाढणारी गोष्ट आहे. इमारतीला वाढायला मंजुरी लागते, पगाराला वरिष्ठांची मर्जी लागते. गवताला यातलं काहीच लागत नाही. म्हणूनच ते कापण्याचं काम कोणा एका माणसावर सोपवणं धोक्याचं असतं. त्याला समिती लागते.

आमच्या वस्तीच्या मागे टेकडी आहे. टेकडीवरून एक पायवाट पलीकडच्या वस्तीत उतरते आणि वाटेच्या दोन्ही अंगांना उतारभर गवत आहे. या सर्वांची काळजी आमची टेकडी संवर्धन व पायवाट देखभाल समिती वाहते. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. (त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात आणि तोंड मिटून बोलतात.) तांत्रिक सल्लागार म्हणून लिफ्टवाले आहेत. त्यांची उभी हयात इमारतींच्या लिफ्टा बसवण्यात गेली, त्यामुळे चढउताराचा त्यांच्याइतका अनुभव वस्तीत कोणालाच नाही. महिला प्रतिनिधी म्हणून शिवणक्लासच्या बाई आहेत. चिटणीस मी. चिटणीस म्हणजे जो बोलत नाही, फक्त लिहितो.

पूर्वी हे गवत काका कापायचे. काका म्हणजे खांद्याला पट्टा अडकवून पेट्रोलवर घरघरणारं यंत्र फिरवणारा एक गृहस्थ. काम ठीक होतं. पण एकदा त्यांच्या पात्याखालून एक खडा उडाला आणि खाली उभ्या असलेल्या गाडीची काच फुटली. टेकडीवर खडे असंख्य आणि खाली गाड्याही बऱ्याच, पण हा खडा नेमका अध्यक्षांच्या गाडीवर पडला, हे समितीचं भाग्यच म्हणायचं. दुसऱ्या कोणाची काच असती तर यांत्रिकीकरणाचा विचार आणखी दहा वर्षं लांबला असता.

ठराव एकमताने झाला : उतार व पायवाटा यांवरील गवत कापण्यासाठी योग्य असा छोटा ट्रॅक्टर निवडावा. ट्रॅक्टर येणारच आहे म्हटल्यावर दरम्यान हाताने गवत कापणं हा दुप्पट खर्च झाला असता, म्हणून काकांना त्याच बैठकीत कामावरून मोकळं केलं. काकांची काही तक्रार नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "नवीन गाडीत रेडिओ असेल ना?" त्याची नोंद घेतली.

इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण निवड प्रक्रियेत तिने वारंवार अडथळे आणले.

माझी मावशी टेकडीपलीकडे राहते. ती आईहून मोठी. आई रोज सकाळचा चहा झाला की वर्तमानपत्राची घडी काखोटीला मारून टेकडी ओलांडायची. पलीकडे दोघी शब्दकोडं सोडवायच्या. आई वाचणार, मावशी उत्तर देणार, मग आई ते उत्तर चूक ठरवणार. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. अलीकडे मावशीचे डोळे अधू होऊ लागले. तिच्या त्या आजारात नजरेचा मधला भाग हळूहळू जातो आणि कडा राहतात. शेवटी समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हंगाम जाईपर्यंत चेहरे दिसतील, पुढचं सांगता येत नाही. आईचं म्हणणं असं की जोवर तिला चेहरा दिसतोय तोवर मला रोज तिच्यासमोर बसायचंय.

तुम्ही म्हणाल, टेकडीला वळसा घालून रस्ता जात असेल. जातो. पण तो चालत जाण्याइतका जवळचा नाही आणि आईला गाडी लागते. साधी लागत नाही. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला तरी ती ओढणी तोंडाला लावते. बस, रिक्षा, शेजाऱ्यांची नवी कोरी मोटार, सगळ्यांत तिने समान भावनेने ओकाऱ्या काढल्या आहेत. मावशीला इकडे आणावं, तर मावशीला स्वतःच्या घरात अंधारातसुद्धा साखरेचा डबा सापडतो आणि दुसऱ्याच्या घरात दिवसाढवळ्या दार सापडत नाही. फोनचा पर्याय मी सुचवला होता.

"फोनवर ती लबाडी करते," आई म्हणाली. "शेजारणीला बसवते बाजूला आणि उत्तरं विचारते. समोर बसल्याशिवाय पकडता येत नाही तिला."

थोडक्यात, आईला ती पायवाटच हवी होती. समितीलाही तीच हवी होती, फक्त योग्य यंत्राने कापलेली.

समितीने आधी उताराचा अभ्यास हाती घेतला. टेकडी नक्की किती उतरती आहे हे कळल्याशिवाय यंत्र निवडणं म्हणजे माप न घेता कपडा कापणं, असं शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या आणि नंतर त्यांना आपण हे बोललो याचा पश्चात्ताप झाला. लिफ्टवाल्यांनी टेकडी अलीकडून पलीकडे मोजली. जितके मीटर चढ, तितकेच मीटर उतार. त्यांनी सरासरी काढली. ती शून्य आली. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या आमची टेकडी सपाट होती. या निष्कर्षाने बैठकीत खळबळ माजली, कारण जमीन सपाट असेल तर उतारावरचा ट्रॅक्टर घ्यायचा कशाला? शेवटी डॉक्टरांनी तोडगा काढला की टेकडी सरासरीने सपाट असली तरी जागोजागी उतरती आहे, असं मानून पुढे जावं. लिफ्टवाल्यांनी असहमती नोंदवली.

घरी आई विचारायची, "झालं का रे गवत कापून?"

"आई, अजून उताराची व्याख्या चालू आहे."

"मी घसरते तो उतार. लिहून घे."

मी लिहून घेतलं. ती सूचना 'एका ज्येष्ठ नागरिकाकडून प्राप्त' म्हणून बैठकीपुढे ठेवली. चर्चेअंती ती व्यक्तिनिष्ठ ठरली. कोण घसरतं यावर उतार अवलंबून ठेवला तर उद्या वस्तीतला कोणीही गुळगुळीत चपला घालून येईल आणि कुठेही उतार निर्माण करील, असा धोका लिफ्टवाल्यांनी दाखवून दिला.

यथावकाश यंत्राचा प्रकार ठरला : कमरेत वाकणारा छोटा ट्रॅक्टर. याविषयी मी मनापासून चांगलं बोलणार आहे. नेहमीच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात आणि मागचं धूड फरफटत येतं. याचं तसं नसतं. याचे दोन भाग असतात, पुढचा आणि मागचा, आणि मध्ये एक सांधा. सुकाणू फिरवलं की चाकं वळत नाहीत, अख्खा ट्रॅक्टरच कमरेत वाकतो. चारही चाकं सारखी. मागची चाकं पुढच्यांच्या खुणांवरूनच चालतात, त्यामुळे गवताची मुळं उखडत नाहीत आणि अरुंद वाटेवर एखाद्या झाडाला लपेटून जावं तसा तो वळतो. वजन खाली, जमिनीजवळ. पुढ्यात कापणीचं पातं. आडव्या उतारावर जायचं तर चाकांना लागून आणखी जोडचाकं लावता येतात. समितीला हे यंत्र पाहताक्षणी आपलं वाटलं. पुढचा जाईल तिथे मागच्याने बिनतक्रार जाणं आणि प्रसंगी कमरेत वाकणं, हे दोन्ही गुण आमच्याकडे पूर्वीपासून होतेच.

बाजारात असे दोन ट्रॅक्टर मिळाले. एक नारिंगी, एक निळा. नारिंगी थोडा अरुंद, निळ्याची ताकद थोडी जास्त, बाकी उन्नीस-बीस. विक्रेत्याचा माणूस माहिती द्यायला आला. भर उन्हात टाय घालून आल्यामुळे त्याचं नाव टायच पडलं. दोन्ही ट्रॅक्टर टायच्याच दुकानातले होते, पण तो दोन्हींबद्दल एकमेकांच्या शत्रूसारखा बोलायचा, त्यामुळे तुलना निःपक्ष झाली.

लोकशाही पाळावी म्हणून वस्तीचं मतही घेतलं. एकसष्ट टक्के लोकांनी नारिंगी पसंत केला, सदतीस टक्क्यांनी निळा. दोन टक्क्यांनी फक्त 'गवत कापा' असं लिहिलं. त्यात रंगाचा उल्लेख नसल्याने ती मतं बाद झाली. (हस्ताक्षर माझ्या ओळखीचं होतं. चिटणीसाने गोपनीयता पाळायची असते.) निळ्याच्या समर्थकांचं म्हणणं होतं की नारिंगी रंग हिरव्या गवतात डोळ्यांत खुपतो. नारिंगीवाले म्हणाले, म्हणूनच तर तो दिसेल. वाद इतका रंगला की दोन घरांमधली सोयरीक बोलण्यांपर्यंत येऊन थांबली. एवढा नागरी उत्साह पाणी गेलं होतं तेव्हाही दिसला नव्हता.

पहिलं प्रात्यक्षिक डॉक्टरांच्या जुन्या, बंद दवाखान्यामागच्या गाड्या लावायच्या फरशीवर झालं. उतारावर घेता आलं नाही, कारण नियमाप्रमाणे उतारावर फक्त तेच यंत्र नेता येतं जे उतारावर सुरक्षित असल्याचं आधी दिसलेलं आहे. फरशीवर गवत नव्हतं, म्हणून त्याच दवाखान्यातला हिरवा गालिचा अंथरला. टायने खुर्च्या मांडून त्यांच्यामधून ट्रॅक्टर नागमोडी फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाने वर बसून फोटो काढला. शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या, "अहो, पण गवत कसं कापतो ते कळलंच नाही."

"बाई," डॉक्टर म्हणाले, "दात काढायची खुर्ची आवडली की निम्मं दुखणं तिथेच बरं होतं. आधी विश्वास बसू दे."

इकडे गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. आईने काही दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी घरातली पडदे लावायची काठी घेतली आणि गवतात शिरली. काठीने आधी ठोकायचं, मग पाऊल टाकायचं. परत आली तेव्हा कपड्यांना कुसळं चिकटलेली, पण चेहरा असा की जणू कोड्याचं अख्खं पान सुटलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिच्या मागून दूधवाला जाऊ लागला, मग पलीकडच्या कारखान्यातले दोघेतिघे. गवत आडवं पडलं. बघता बघता एक माणूस जाईल एवढी वाट झाली.

समितीला हे टायकडून कळलं. तो उतारावरच्या चाचणीची जागा बघायला गेला होता आणि घामाघूम होऊन आला.

"साहेब, वाटेवरचं गवत कोणीतरी तुडवलंय. चाचणीला सरळ उभं, एकसारखं गुडघाभर गवत लागतं. आडवं पडलेलं गवत पात्यात येत नाही. मग यंत्राचा काय दोष?"

बैठकीत संतापाचं वातावरण होतं. इतक्या कष्टाने निवडप्रक्रिया इथवर आणायची आणि कोणी अज्ञात व्यक्तीने कापायचं गवत परस्पर पायाखाली घालायचं! वाटेच्या दोन्ही टोकांना दोर बांधून पाट्या लावायचं ठरलं : 'येथून चालू नये. हे गवत कापण्यासाठी राखून ठेवले आहे.' गवताचं रक्षण करायला गवताची माहिती असलेला माणूस हवा होता. काकांना परत कामावर घेतलं. पूर्वी ते गवत कापायचे, आता ते कोणी गवताला हात लावू नये म्हणून स्टूल टाकून बसू लागले. सोबत स्वतःचा रेडिओ आणायची त्यांना परवानगी होती.

पाटीचा मजकूर मीच लिहिला होता. आईने तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि घरी आली.

"कोण आहे रे ही अज्ञात व्यक्ती?"

"तपास चालू आहे."

"सापडली की सांग. मला सोबत होईल तिची."

"आई, थोडेच दिवस आहेत. चाचणी झाली की झालं."

"तुझे थोडे दिवस मला माहीत आहेत. स्वयंपाकघरातल्या नळाचे थोडे दिवस तिसऱ्या वर्षात चालू आहेत. अरे, काल ती मला विचारत होती, तू आज केस नीट विंचरले नाहीस का? म्हणजे केस दिसतात, बाकी पुसट व्हायला लागलंय. तुमच्या ट्रॅक्टरला थांबता येईल. तिच्या डोळ्यांना कोण थांबवणार?"

हा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा होता, म्हणून मी तो मांडला नाही.

मग आईने बसने जाऊन पाहिलं. पिशवीत लिंबू, तोंडाला ओढणी, डोळे गच्च मिटलेले. दुसऱ्या वळणावर उतरली आणि मालट्रकांच्या धुळीतून चालत परत घरी आली. संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी चहा नेऊन दिला. ती म्हणाली, "ठेव." त्या दिवसाचं कोडं तसंच घडी करून उशाशी होतं.

गवत पुन्हा सरळ उभं राहायला बराच काळ गेला. पण अखेर तो दिवस उजाडला आणि नारिंगी ट्रॅक्टर टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिला. सगळी वस्ती जमली होती. टाय चढून बसला. यंत्र सुरू झालं आणि मला सांगायला आनंद होतो की त्याने कमाल केली. चढावर दमला नाही, आडव्या उतारावर डगमगला नाही. वळणावर पुढचा भाग वाकला आणि मागचा समजूतदारपणे त्याच्या मागोमाग गेला. मागे गवताचा एक स्वच्छ, सपाट पट्टा उलगडत होता.

"बघा, बघा," डॉक्टर धावता धावता म्हणाले, "मुळापासून नाही, अगदी हिरडीपासून कापतोय!"

मी नोंदी घेत बाजूने चालत होतो. मागे वळून पाहिलं तर ट्रॅक्टरच्या मागे, त्या कापलेल्या पट्ट्यावरून, आई येत होती. हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारे कपडे, काखोटीला वर्तमानपत्रांची भली मोठी चळत. साठवलेली सगळी कोडी तिने बरोबर घेतली होती.

"आई! दोराच्या आत कशी आलीस?"

"यांनीच उचलला दोर," ती काकांकडे बोट करून म्हणाली.

"मला गवताला जपायला सांगितलंय," काका म्हणाले. "हे कापलेलं आहे. आजी कापलेल्यावरनं चालतायत." आणि त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

माथ्यावर ट्रॅक्टर थांबला. टाळ्या झाल्या. मग तो पलीकडच्या अंगाने वाट कापत उतरू लागला आणि त्याच्यामागून आई उतरत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पायाखाली बघत होती. घसरायची सवय होती ना.

संध्याकाळी बैठक झाली. शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या, "आता काय राहिलं? हाच घेऊन टाकू. वाटही मोकळी झाली."

सगळे आपापले कागद चाळू लागले. कुठल्याही संस्थेत निर्णय इतका जवळ आला की माणसं अशीच घाबरतात. मग लिफ्टवाल्यांनी घसा खाकरला.

"आणि निळा?" ते म्हणाले. "नारिंगीला गुडघाभर गवत दिलं आपण. निळ्याला काय देणार? खुंट? सदतीस टक्के लोकांना काय उत्तर देणार?"

मुद्दा बिनतोड होता. निळ्याला तेच गवत, तेवढंच उंच, त्याच वाटेवर मिळालं पाहिजे. ते वाढेपर्यंत वाट बंद ठेवावी, दोर दुहेरी बांधावा आणि 'गवत' या शब्दात कापलेलं गवतही धरावं, अशा काकांना सूचना द्याव्यात, असा ठराव झाला. बाई विरोधात गेल्या. मी लिहीत होतो, मला मत नसतं.

घरी आलो तर दिवा लावलेला नव्हता. फोन केला.

"पोचलीस ना नीट?"

"पोचले. ताईने ओळखलं."

"आवाजावरून?"

"नाही रे. मी मुद्दाम बोललेच नाही. दारात नुसती उभी राहिले. तिने मान तिरकी केली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि म्हणाली, अगं बाई, किती म्हातारी दिसायला लागलीस!" आई हसत होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हणजे दिसतंय अजून. थोडं का होईना."

"मग उद्या येतेस ना?"

"येते की. वाट आहे आता."

"आई, वाट बंद करायचं ठरलंय. गवत परत वाढू द्यायचंय."

मागून मावशीचा आवाज आला, "काय म्हणतोय तो?"

"निळ्यासाठी?" आईने मला विचारलं.

"निळ्यासाठी."

"बरं. मग वाढू दे सावकाश. घाई करू नका हो, नीट निवडा. मी इथेच राहते. ताई, बारा उभा सांग गं, अडलंय."

तेव्हापासून आई पलीकडे आहे. मला गाडी लागत नाही. बस दर तासाला जाते. पण बैठका नेमक्या सुट्टीच्या दिवशी येतात, शिवाय निळ्याच्या चाचणीची तयारी माझ्याकडे आहे. रोज सकाळी गवताची उंची मोजून लिहायची असते. ते वाढतंय. मावशीचे डोळे कसे आहेत असं मी फोनवर विचारतो, तेव्हा आई म्हणते, "गवत किती आलं?" आणि दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच सुज्ञ, संवेदनशील लोकांना सांगितली आहे. ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. कोणी आईला धन्य म्हणतं, कोणी समितीला शिव्या घालतं. मग क्षणभर सगळं शांत होतं, आणि ते हलकेच खुर्ची पुढे ओढून विचारतात, "बाकी ते सोडा, पण खरं सांगा, दोन्हींत चांगला कुठला?"

तुम्हीही विचारणार आहात, मला कल्पना आहे. जरूर विचारा. फक्त आधी थोडा वेळ गप्प बसा. तेवढी रीत आजपर्यंत सगळ्यांनी पाळली आहे.